जंतूंची हत्यारं, जंतूंची इंजिनं



फलकावर लिहिलेला विषय वाचून आपल्यापैकी काहीजण दाराशी दोन मिनिटं थबकले असतील. 'रोगकारक जीवाणूंची प्रथिनं आणि रेणूंच्या मोटरी' हा विषय वर्ध्यात कशाला, असंही कुणाच्या मनात आलं असेल. तरी आत आलात, बसलात, याबद्दल आधी आभार मानतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत विज्ञान शिकवायचे. तेव्हा एक संध्याकाळ विज्ञानाला दिली तर ती वाया गेली असं त्यांना वाटलं नसतं.

मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. जंतू शरीरात शिरून टिकतो कसा, म्हणजे त्याची हत्यारं कोणती, ही पहिली. त्याला चालवणारी इंजिनं कोणती, ही दुसरी. ती हत्यारं आणि ती इंजिनं नेमकी कशी दिसतात हे कळून आपला काय फायदा झाला, ही तिसरी. चौथी गोष्ट शास्त्राची नाही, आपल्या जिल्ह्याची आहे. म्हणून आधी तीच घेतो.

या जिल्ह्यानं कुष्ठरोगाशी जेवढी झुंज दिली तेवढी देशात फार थोड्या जिल्ह्यांनी दिली असेल. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. तेव्हा गावात रोग्याला काय म्हणत, कुठं बसवत, कुठलं पाणी देत, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. पुढं संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले आणि गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं. रोज स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. परचुरे कुटी आजही आश्रमात उभी आहे. १९१४ मध्ये हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे तर आणखी पुढं गेले. कुष्ठजंतू माणसात वाढतो कसा हे तपासायला त्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू दिला.

या माणसांच्या हातात काय होतं? औषध जवळजवळ नव्हतंच. जंतूचं नाव माहीत होतं. नॉर्वेच्या हॅन्सननं तो १८७३ मध्येच पाहिला होता. पण नाव माहीत असणं वेगळं आणि जंतू समजणं वेगळं. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही. दीडशे वर्षं झाली, आजही वाढत नाही. शेवटी त्याला उंदराच्या पायाच्या तळव्यात आणि आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात वाढवावं लागलं. शिवाय तो कमालीचा सुस्त आहे. साधा आतड्यातला जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळपास दोन आठवडे लागतात. ज्याला वाढवताच येत नाही, त्याच्या आतलं काही पाहणार कसं?

इथं विज्ञानानं वेगळी वाट धरली. अख्खा जंतू हाती लागत नसेल तर त्याचा एकेक सुटा भाग पाहू. २००१ मध्ये कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात सुमारे सोळाशे चालू जनुकं निघाली आणि अकराशेच्या वर मोडीत निघालेली, निकामी जनुकं. त्याचा भाऊबंद असलेल्या क्षयाच्या जंतूत चालू जनुकं चार हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे कुष्ठजंतूनं हजारो वर्षांत संसारातलं निम्म्याहून अधिक सामान टाकून दिलं. माणसाच्या पेशीत आयतं मिळतंय तर स्वतः कशाला करा, असा त्याचा हिशेब. पण मित्रहो, एवढी काटछाट करणाऱ्यानं जे राखून ठेवलं, ते किती जिवाभावाचं असेल? ते भाग शोधा, त्यांचा आकार पाहा, म्हणजे जंतूचं मर्म सापडेल.

आकार पाहायचा म्हणजे काय करायचं, हे थोडक्यात सांगतो. एक प्रथिन म्हणजे हजारो अणूंची एक घडी. तिची उंची-रुंदी काही नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची नजर इथं पोचत नाही. पूर्वी प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडत. स्फटिक जमायला वर्षं लागत, कधी जमतच नसे. आता क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आहे. नखाहून लहान अशी तांब्याची जाळी घेतात. तिच्यावर प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब ठेवतात, टिपकागदानं जास्तीचं पाणी टिपतात आणि जाळी क्षणात अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये बुडवतात. पाणी इतक्या झटक्यात गोठतं की बर्फाचे खडे व्हायला वेळच मिळत नाही. काचेसारख्या त्या पातळ थरात लाखो रेणू आपापल्या अंगावर, कुणी आडवे, कुणी उभे, अडकून राहतात. मग त्या लाखो धूसर छायाचित्रांची संगणक जुळवाजुळव करतो आणि एक त्रिमिती आकृती उभी राहते. या तंत्राला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता पहिली गोष्ट. हत्यारं.

कुष्ठरोगात बधिरता का येते? जंतू थेट नसेवर जातो म्हणून. पण शरीरात हजार ठिकाणं असताना नेमका नसेवरच का? मज्जातंतूंभोवती श्वान नावाच्या पेशींचं आवरण असतं आणि त्या आवरणाबाहेर लॅमिनिन-२ नावाचं प्रथिन पसरलेलं असतं. कुष्ठजंतूच्या अंगावर एक मेदयुक्त रेणू असतो, त्याच्या टोकाला तीन शर्करा. तो बरोबर याच लॅमिनिनला चिकटतो. २००० मध्ये हे सिद्ध झालं. जंतू नसेला हुडकत फिरत नाही. त्याच्या अंगावर तिथंच बसणारा भाग आहे, म्हणून तो तिथं बसतो. त्याला थंडावाही आवडतो. म्हणून कानाची पाळी, नाक, कोपरालगतची नस अशा त्वचेजवळच्या जागा तो धरतो.

या जागा आपले कुष्ठतंत्रज्ञ किती आधीपासून जाणतात! रोग्याच्या कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, रक्त ओसरेस्तोवर. पात्यानं बारीकशी चीर द्यायची, तिच्यातला रस खरवडून काचपट्टीवर पसरायचा. लाल रंग द्यायचा, आम्लानं धुवायचा, निळा द्यायचा. बाकी सगळं निळं होतं आणि कुष्ठजंतू तेवढा लाल राहतो, कारण त्याच्या मेणट कवचानं धरलेला लाल रंग आम्लालाही सुटत नाही. आकाराचं विज्ञान नंतर आलं. त्याआधी खेड्यातल्या टेबलावर हा माणूस जंतूचं कवच ओळखून होता.

दुसरं हत्यार दोघा भावांचं सामायिक आहे. क्षय आणि कुष्ठ या दोन्ही जंतूंना इतकं जाड कवच आहे की आतलं प्रथिन बाहेर टाकायचं म्हटलं तर खास यंत्र लागतं. त्या यंत्राला सातव्या प्रकारची स्रावप्रणाली म्हणतात. जंतूच्या पटलात ती बसलेली असते, आतल्या बाजूनं एक इंजिन इंधन जाळतं आणि प्रथिनं बाहेर ढकलली जातात. बाहेर पडणाऱ्यांपैकी ईसॅट-६ हे फार कुप्रसिद्ध. आपल्या पांढऱ्या पेशीनं जंतूला ज्या पिशवीत गिळलेलं असतं, ती पिशवी फाडायला ते मदत करतं. या घराण्यातलं ईएसएक्स-५ हे क्षयजंतूचं स्रावयंत्र २०२१ मध्ये अणूंच्या तपशिलासह दिसलं. सहा सारख्या भागांचं, कड्यासारखं.

आणि आता गंमत पाहा. आपण प्रत्येक बाळाला बीसीजी टोचतो. काल्मेत आणि गेराँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत वाढवत नेला. जंतू हळूहळू दुबळा झाला आणि १९२१ मध्ये त्याची लस झाली. तो दुबळा का झाला, हे दोघांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. कारण १९९० च्या दशकात उमगलं. त्या बाटल्यांत कुठंतरी जंतूच्या जनुकसंचाचा एक तुकडा गळून पडला होता, आणि त्याच तुकड्यात ईसॅट-६ आणि त्याच्या स्रावयंत्राचे भाग होते. हत्यार गळालं, जंतू लस झाला!

जंतू बाहेर काय टाकतो या प्रश्नावर सेवाग्रामातही काम झालं, हे इथल्या अनेकांना ठाऊक नसेल. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या जे. बी. ट्रॉपिकल डिसीज रिसर्च सेंटरमध्ये डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी आधी हत्तीरोगावर, मग क्षयावर काम केलं. क्षयजंतूनं बाहेर टाकलेलं ईएस-३१ नावाचं प्रथिन त्यांनी वेगळं काढलं. प्रथिनं तोडणारं ते विकर निघालं. ज्या गावात गांधीजींनी रोग्याच्या अंगाला तेल लावलं, त्याच गावात पुढं जंतूचं प्रथिन वेगळं काढलं गेलं. मला यात विसंगती दिसत नाही. पहिल्याच कामाची ती पुढची पायरी आहे.

दुसरी गोष्ट. इंजिनं.

आधी आपल्या स्वतःच्या पेशीतली इंजिनं पाहू, कारण जंतूचा डाव तिथंच चालतो. पांढऱ्या पेशीनं जंतू गिळला की त्याची पिशवी पेशीच्या आतल्या भागाकडे ओढून नेतात आणि तिथं पाचक रसांच्या पिशवीशी ती जोडली जाते. ओढतं कोण? डायनीन नावाची मोटर. पेशीतल्या नळ्यांच्या रस्त्यावरून ती पावलं टाकत चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि त्यांच्या गटानं हे ओढणं प्रत्यक्ष मोजलं. लेसरच्या किरणांनी अशी एक पिशवी पकडून धरायची आणि मोटरी किती जोर लावतात ते पाहायचं. डायनीन एकटी असली तर दुबळी, पण जमावानं ओढायला तिच्यासारखी दुसरी नाही. पावसाळ्यात रुतलेली बंडी एका जोडीला निघत नाही, पुढं आणखी दोन जोड्या जुंपल्या आणि सगळ्यांनी एका दमात ओढ घेतली की निघते. तसंच हे. २०१६ मध्ये याच गटानं दाखवलं की पिशवीच्या पटलावर कोलेस्टेरॉलची बेटं तयार होतात आणि त्या बेटांवर डायनीन एकवटतात. काळा आजाराचा परजीवी आपल्या अंगावरचा एक मेदरेणू वापरून नेमका हा जमाव उधळतो. क्षयाचा जंतूही पिशवी पाचक रसापर्यंत पोचू देत नाही, त्याच्या युक्त्या वेगळ्या. मार एकाच ठिकाणी बसतो.

आता जंतूच्या स्वतःच्या इंजिनाकडे वळू. कुठल्याही सजीवाला एटीपी नावाचं इंधन लागतं. ते तयार करणारं यंत्र खरोखर फिरतं. अलंकारिक अर्थानं म्हणत नाही, चाकासारखं फिरतं. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला एक चमकता धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच वर्षी त्या यंत्राच्या उलगड्याबद्दल बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं. क्षय-कुष्ठाच्या घराण्यातल्या जीवाणूंत या यंत्राच्या चाकाला नऊ पाकळ्या असतात. एकेका प्रोटॉनच्या रेट्यानं चाक एकेक पाकळी पुढं सरकतं. पूर्ण फेरा झाला की एटीपीचे तीन रेणू तयार. नऊ प्रोटॉन, तीन रेणू. असा रोकडा हिशेब रेणूंच्या जगातही चालतो.

तिसरं इंजिन डीएनएवरून चालतं. आरएनए पॉलिमरेज त्याचं नाव. जनुकाची नक्कल काढत ते एकेक अक्षर पुढं सरकतं, आणि डायनीनपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतं. ते बंद पडलं की जंतूचा कारभार ठप्प.

मग तिसरा प्रश्न. हे सगळं पाहून मिळालं काय?

१९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यात स्थापन झालं. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांनी तिथं एक साधी, कष्टाची पद्धत बसवली. गावोगाव सर्वेक्षण, लोकशिक्षण आणि घराजवळ उपचार. औषध होतं डॅप्सोन. ते जंतूचं एक विकर अडवतं. पण एकट्या डॅप्सोनला जंतू हळूहळू दाद देईनासा झाला, १९६४ मध्ये त्याचा पक्का पुरावा मिळाला. म्हणून पुढं तीन औषधांचा एकत्र उपचार आला, एमडीटी. डॅप्सोन, क्लोफॅझिमीन आणि रिफॅम्पिसिन. भारतात हा उपचार १९८१-८२ च्या सुमारास ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. महिन्यातून एकदा, कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत, रिफॅम्पिसिनचे सहाशे मिलिग्रॅम. क्लोफॅझिमीननं कातडी काळपट-तांबूस व्हायची, लोक चिडायचे, गोळ्या टाकून द्यायचे. कार्यकर्ता पुन्हा जायचा, पुन्हा समजावायचा.

ते रिफॅम्पिसिन काय करत होतं? तेच डीएनएवरचं इंजिन अडवत होतं. आणि इंजिनात अडकलेल्या रिफॅम्पिसिनचं चित्र कधी दिसलं? २००१ मध्ये. उष्ण झऱ्यातल्या एका निरुपद्रवी जीवाणूच्या पॉलिमरेजमध्ये ते दिसलं. नवा आरएनए ज्या वाटेनं बाहेर येतो, त्या वाटेत रिफॅम्पिसिन आडवं बसतं. दोन-तीन अक्षरं जुळली की पुढं रस्ता बंद. म्हणजे आपल्या खेड्यातले कार्यकर्ते वीस वर्षं एक इंजिन ठप्प करत होते आणि ते इंजिन कुणीच पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही विचाराल, चित्राशिवाय औषध चाललंच की! चित्राची हौस कशाला? रास्त प्रश्न आहे. उत्तर असं, की औषध चालतं तोवर चित्राची गरज पडत नाही. ते फसायला लागलं की पडते. क्षयाच्या जंतूवर रिफॅम्पिसिन चालेनासं होतं, तेव्हा बदल जवळजवळ नेहमी पॉलिमरेजच्या जनुकातल्या एकाच ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतो. सत्तावीस अमिनो आम्लं, बस्स. हा बदल तिथंच का होतो, हे चित्रानं दाखवलं. औषध बसतं तो खळगा त्याच भागाचा आहे. आज थुंकीचा नमुना सीबीनॅट यंत्रात घातला की सुमारे दोन तासांत दोन उत्तरं मिळतात. क्षय आहे का, आणि रिफॅम्पिसिन चालेल का. दुसऱ्या उत्तरासाठी ते यंत्र नेमका तो ८१ अक्षरांचा पट्टा तपासतं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय ओळखणाऱ्या बाजारी चाचण्या भरवशाच्या नाहीत म्हणून सरकारनं २०१२ मध्ये बंद केल्या. जंतूच्या इंजिनाच्या एका खळग्यावर आधारलेली चाचणी मात्र देशभर पोचली. चित्राची हौस इथं फळाला आली.

दुसरं उदाहरण बेडाक्विलिनचं. २००५ मध्ये जाहीर झालेलं हे औषध ते नऊ पाकळ्यांचं फिरतं चाकच अडवतं. चाक आणि त्याच्या शेजारचा स्थिर भाग यांच्यामध्ये ते पाचर मारून बसतं. २०१५ मध्ये चाकाचं आणि २०२१ मध्ये संपूर्ण यंत्राचं चित्र मिळालं, तेव्हा हे दिसलं. जंतूचं इंधन बंद होतं आणि तो उपासमारीनं मरतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षं इंजेक्शनं आणि मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. काहींचे कान जात. बेडाक्विलिनसह सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला आपल्या सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली.

पण इथं एक प्रश्न विज्ञानाच्या बाहेरचा आहे. चाक अडवणारी ती पाचर कुणाच्या मालकीची? जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं मूळ पेटंट संपल्यावरही मक्तेदारी पुढं नेणारं दुसरं पेटंट भारतात मागितलं होतं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन स्वतः क्षयातून बऱ्या झाल्या, औषधांनी त्यांची श्रवणशक्ती गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं तो अर्ज फेटाळला. नव्या गोळीला कारखान्याच्या दारातून बाहेर काढण्यात अशा माणसांचाही हात असतो.

आता सारांश सांगतो. जंतू हा शाप नाही, दैवाचा कोप नाही, मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच नाही. तो सुट्या भागांचा आहे. त्याला चिकटणारे भाग आहेत, ढकलणारे भाग आहेत, फिरणारे भाग आहेत. भाग म्हटला की तो अडवता येतो. हे एकदा मनात ठसलं की रोग्याकडे पाहण्याची नजर बदलायला हवी. बदलली का? हॅन्सननं जंतू पाहिला १८७३ मध्ये. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या कायद्यांतून निघाली २०१९ मध्ये. जंतूचं इंजिन उलगडायला लागला त्याहून जास्त वेळ माणसाचं मन उलगडायला लागतो!

डिसेंबर २००५ मध्ये देशानं जाहीर केलं की कुष्ठरोग आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण आहेत. आकडा खरा आहे. पण त्या आकड्याचा अर्थ रोग संपला असा लोकांनी घेतला आणि सर्वेक्षणाचा जोर ओसरला. नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत लहान मुलंही असतात. मूल बाधित होतं याचा अर्थ जवळपास कुणीतरी उपचाराविना आहे.

म्हणून समोर बसलेल्या तरुण मित्रांना दोन शब्द. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. तुमच्यापैकी कुणी उद्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापाशी बसेल, तर जरूर बसा. आपल्या मातीतल्या रोगांची चित्रं आपण स्वतः काढायला हवीत. पण ते दत्तक गाव विसरू नका. इंजिनाचं चित्र सापडलं आणि गोळी गावात पोचली नाही, तर ते ज्ञान अर्धं. गोळी पोचली आणि ती का फसते हे कुणी विचारलं नाही, तर ती सेवा अर्धी. वर्ध्याला दोन्ही अर्ध्या गोष्टी जोडायची सवय आहे, ती मोडू देऊ नका.

आणि बाकीच्या सगळ्यांना एक विनंती. घरी गेल्यावर स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या अंगाकडे नीट पाहा. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला, हाताच्या करंगळीत किंवा तळव्यात बधिरपणा वाटला, तर लपवू नका. आशाताईंना सांगा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी मोफत आहे, औषध मोफत आहे, आणि सहा महिने ते वर्षभरात रोग पूर्ण बरा होतो. वेळेवर दाखवलं तर हात वाकडा होत नाही. एवढं एक काम आपण प्रत्येकानं केलं, तर आजचं व्याख्यान सार्थकी लागलं असं मी समजेन.